मिठाच्या गाडीतली बकरी

४ डिसेंबर, गुरुवार

आजपासून लिहायचं ठरवलं. या लोकांचा राग मी पिठावर काढते आणि मग बाबा विचारतात, पाव दगडासारखा का झाला. त्यापेक्षा वहीवर काढलेला बरा.

मी सिनेमंडळाच्या निवड समितीत आहे. कुणी हसू नये. नगरपालिकेनं अट घातली की समितीत पंचविशीच्या आतलं एक तरी माणूस पाहिजे, नाहीतर हॉल मिळणार नाही. फ्लोरिनासारख्या छोट्या ग्रीक गावातली हुशार पोरं सगळी थेस्सालोनिकीला पळाली. उरले कोण? विद्यापीठाच्या परीक्षेत दोनदा आपटलेली आणि बापाच्या बेकरीत पाव भाजणारी पेलाजिया. हॉल आमच्या समोरच आहे आणि तिथला हीटर आमच्या घरच्यापेक्षा चांगला आहे. गेले.

समितीत चौघं. अध्यक्ष फिलारेती बाई, ज्यांनी मला शाळेत भाषेत वीसपैकी नऊ दिले होते, पास व्हायला दहा लागतात. स्टेर्गिओस, करखात्यातून निवृत्त झालेले, पण हिशोबाची खाज गेलेली नाही. बार्बा लाझारोस, ज्याला अख्खा गाव बार्बा, म्हणजे काका, म्हणतो आणि जो माझ्या जन्माच्या आधीपासून तिसऱ्या रांगेतल्या त्याच खुर्चीत बसतो. आणि मी. डिसेंबर आला की आम्ही वर्षभरात हॉलमध्ये दाखवलेल्या सिनेमांतून आपापले आवडते दहा काढायचे, गुण द्यायचे, दर गुरुवारी भांडायचं, आणि वर्ष संपायच्या आत दाराला यादी चिकटवायची. घरी लॅपटॉपवर पाहिलेलं चालत नाही. हॉलमध्ये, शेवटपर्यंत, बसून.

आजचा सिनेमा जर्मन होता, 'मिठाची गाडी'. दिवे गेले आणि बार्बा माझ्या कानाशी. "पोरी, चष्मा घरी राहिला. खालच्या ओळी वाच ना." हा माणूस दर गुरुवारी चष्मा विसरतो. आणि नुसत्या ओळी वाचून भागत नाही, मध्येमध्ये विचारतो, आता कुठे आलेत, तोंड कसं झालंय त्याचं.

अर्धा तास मी इमानदारीत वाचलं. वाचायला होतं काय? दोन भाऊ बर्फातल्या रस्त्यांवर मीठ टाकत गाडी चालवतात. "पुढे वळण आहे." "दिसतंय." मग बर्फ. मग बर्फ. "चहा?" "नको." मला रडू यायला लागलं, दुःखानं नव्हे.

मग मी बकरी घातली.

थोरला विचारतो चहा, मी वाचलं, "ताडपत्रीखाली काय आहे?" धाकटा म्हणतो नको, मी वाचलं, "काही नाही." पुढच्या ओळीला म्हटलं, "काही नाही, ते ओरडतंय." बार्बा खुर्चीत ताठ झाला. मग काय, मला चेव आला. थोरल्यानं बकरी चोरली आहे, मिठात लपवली आहे, धाकट्याला कळलंय, आणि बकरी फक्त थोरल्याच्याच हातून खाते. खऱ्या सिनेमात शेवटी धाकटा थोरल्याला वृद्धाश्रमात सोडून येतो. दार लागतं, धुकं, धुक्यात गाडीचे दिवे. मी सांगितलं, बकरीनं खाणं सोडलं, म्हणून धाकटा अर्ध्या वाटेतून परत फिरला आणि थोरल्याला गाडीत घेतलं. धुक्यात गाडी जाते की येते, कुणाला कळतंय.

दिवे लागले तेव्हा बार्बा गालातल्या गालात हसत होता. म्हणाला, "फार वर्षांनी असा सिनेमा आला."

मी पोट धरून हसत घरी आले.

११ डिसेंबर, गुरुवार

अंगाशी आलं.

आज पहिली बैठक. फिलारेती बाईंनी यादी वाचली. पहिल्या तिन्ही सिनेमांत कुणीतरी खिडकीतून बाहेर बघत मरतं. स्टेर्गिओसनी कोष्टक आणलं होतं, गुण दशांशात. मी माझ्या यादीत 'भुताचं गॅरेज' सगळ्यात वर ठेवलं. बाई म्हणाल्या, तो कचरा आहे. मी म्हटलं, कचऱ्याला आख्खा हॉल हसत होता, तुमच्या खिडकीवाल्याला मी सोडून सगळे घोरत होते. स्टेर्गिओस म्हणाले की ते घोरत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते.

मग बार्बानं सांगितलं की त्याचा पहिला नंबर 'मिठाची गाडी'. बाईंना बरं वाटलं, गंभीर सिनेमा आहे म्हणून. त्यांनी विचारलं, काय आवडलं?

"बकरी," बार्बा म्हणाला.

मी टेबलाखाली गेले. पेन पडलं होतं, असं सगळ्यांना वाटावं म्हणून.

"कुठली बकरी?"

"ताडपत्रीखालची."

"श्रीयुत लाझारोस," बाई म्हणाल्या. त्या श्रीयुत लावतात तेव्हा समजायचं. "मी तो सिनेमा दोनदा पाहिलाय. त्यात बकरी नाही."

"दिसत नाही म्हणा ना बाई. दिसत नाही म्हणून नसते, असं कुठाय?"

यावर वर्गात तरी सगळे गप्प बसले असते. पण स्टेर्गिओसनी खाकरून सांगितलं की मागची चाकं वळणावर जरा वेगळी उडत होती हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. नुसतं मीठ असं हलत नाही. आणि एके ठिकाणी काहीतरी आवाजही होता. बाई म्हणाल्या, तो ब्रेकचा आवाज होता. स्टेर्गिओस म्हणाले, दिग्दर्शक तेवढा साधा नाही.

मग बकरीवर तासभर भांडण. ती आईचं प्रतीक आहे की अपराधाचं. माझं मत विचारलं. मी म्हटलं, मला बकऱ्यांतलं काही कळत नाही.

बार्बा या सगळ्यात खुशीत. घरी सोडायला गेले तेव्हा म्हणाला, आपली बकरी भारी पडली त्यांना. आपली म्हणे.

१५ डिसेंबर, सोमवार

बार्बाच्या मुलीचा फोन आला, बेकरीवर. क्रिसान्थी, स्टुटगार्टला असते. बार्बाही तिथं मोटारींच्या कारखान्यात बावीस वर्षं होता, नंतर परत आला. बायको इथे पुरलीय म्हणून, असं बाबा म्हणतात. फोनवर तिनं बाबांना विचारलं, माझे बाबा नीट दिसतात का. बाबा म्हणाले, नीट दिसतात की, कालच दिसले होते. तिला म्हणायचं होतं, त्यांना नीट दिसतं का. बाबांच्या डोक्यात पीठ आहे.

ती थिओफानियाला, सहा जानेवारीच्या सणाला, येणार. बार्बाचं एकट्याचं जमत नसेल तर सरळ घेऊन जाईन म्हणाली.

१८ डिसेंबर, गुरुवार

त्या चष्म्याचा एकदाचा निकाल लावायचा होता. सकाळी पाव द्यायला गेले तेव्हा टेबलावर चष्मा. उचलला, दोन्ही काचा काढून खिशात टाकल्या, आणि संध्याकाळी हॉलमध्ये नुसती फ्रेम त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, घ्या, आज विसरायला नको म्हणून आणलाय. मला वाटलं, घालेल, ओरडेल, आणि मग एकदाचा मान्य करेल की वाचायचा आळस करतोय.

त्यानं घातला. पडद्याकडे पाहिलं. म्हणाला, "हां. आता कसं लख्ख."

मी स्टेर्गिओसना दाखवायला वळले होते. पण नाही दाखवलं.

बार्बा म्हणाला, "तरी तू वाच. सवय लागलीय."

वाचलं. सगळं, जसंच्या तसं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज बार्बा बेकरीत आला आणि फ्रेम गल्ल्यावर ठेवली. "काचा दे."

मी विचारलं, कधी कळलं? म्हणाला, बाहेर पडल्यावर. बर्फ सरळ डोळ्यात गेलं.

मला वाटलं आता शिव्या पडणार. त्यानं गरम पाव मागितला, तोडला, खाल्ला. मग हळू म्हणाला, "क्रिसान्थीला बोलू नकोस. ती मला नेईल. तिथं बावीस वर्षं काढली, एक रस्ता पाठ झाला नाही. इथं मी डोळे मिटून चालतो. मिटलेलेच आहेत आता."

"आणि सिनेमा?"

"सिनेमाला तू आहेस की."

म्हणजे मी नोकरीलाच आहे. मी काचा दिल्या. पुसून दिल्या.

पण मग त्या बकरीचं काय करायचं? तो त्यांच्यापुढे छातीठोक सांगतोय आणि ते सगळं माझं. सांगून टाकू का त्याला? सांगितलं तर गुरुवारी तो माझ्या शेजारी बसेल का?

नाही सांगितलं.

२४ डिसेंबर, बुधवार

काल दरवर्षीसारख्या नाताळाआधीच्या होळ्या गावभर पेटल्या. माझ्या केसांना अजून धुराचा वास आहे. चौकात स्टेर्गिओस भेटले, हातात वाइनचा कागदी पेला. म्हणाले, बकरी बहुतेक पांढरी असावी. मी म्हटलं, तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा.

३० डिसेंबर, मंगळवार

यादी झाली. माझं डोकं फुटायचं बाकी आहे.

बाईंचा खिडकीवाला पहिला. दुसरा आणि तिसरा असेच कुणीतरी. माझं गॅरेज चौथं आलं, कारण बाई आणि स्टेर्गिओस एकमेकांवर इतके चिडले होते की दोघांनीही हट्टानं पहिला नंबर सोडून एकमेकांच्या बाकी आवडत्यांना शून्य दिलं. 'मिठाची गाडी' पाचवी.

बाईंना ते सहन झालं नाही. म्हणाल्या, सिनेमा चांगला आहे, यादीत असावा, पण ज्या माणसानं न पाहिलेल्या गोष्टीवर मत दिलं त्याचं मत धरायचं का, हा प्रश्न आहे. आणि बार्बाकडे वळून, गोड आवाजात, शाळेत नापास करताना काढायच्या तसल्याच आवाजात, "तुम्ही दमलाय. पुढच्या वर्षी समितीतून जरा विश्रांती घ्या."

बार्बा टोपी चाचपत होता. त्याला सापडत नव्हती, समोरच होती. मी ती उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हटलं, "मी पण पाहिली बकरी."

बाई म्हणाल्या, "पेलाजिया, तुझी साक्ष काय कामाची? तू शाळेत जळालेली वही कुत्र्यानं खाल्ली म्हणाली होतीस."

खरं होतं ते. म्हणजे, खोटं होतं, पण मी म्हटलं होतं खरं.

८ जानेवारी, गुरुवार

आज केक कापला. नवीन वर्षाचा केक आमच्याच भट्टीत भाजला, आत नाणं. दुसऱ्या मंडळांत तुकडे माणसांना मिळतात. आमच्यात पहिला संत वासिलचा, दुसरा हॉलचा, तिसरा परदेशी गेलेल्यांचा, आणि मग यादीच्या क्रमानं एकेका सिनेमाचा. ज्याच्या तुकड्यात नाणं निघेल तो सिनेमा पुढच्या गुरुवारी गावाला फुकट दाखवायचा. म्हणजे महिनाभर दशांशावर भांडा आणि शेवटी ठरवणार नाणं. मी एकदा विचारलं होतं, मग भांडायचं कशाला? स्टेर्गिओस म्हणाले, नाण्याला क्रम कळायला नको का?

यंदा नाण्याला क्रम मी कळवणार होते. केक गार झाल्यावर खालून सुरीचं टोक घातलं आणि वर बदामांनी काढलेल्या वर्षाच्या आकड्यापासून मोजून नाणं बरोब्बर 'भुताच्या गॅरेज'च्या जागी सरकवलं. फिलारेती बाई पहिल्या रांगेत बसून भूत पंक्चर काढतंय ते बघताहेत, या विचारानंच मी दोन दिवस हसत होते.

बार्बा मुलीला घेऊन आला. क्रिसान्थी उंच, महागडा कोट, सगळं नीट बघणारी. बापाचा दंड तिनं धरला होता आणि तो सोडवून घेत होता.

बाईंनी सुरी घेतली. संत वासिल. हॉल. "आता परदेशी गेलेल्यांचा," म्हणाल्या, आणि बार्बा म्हणाला, "यंदा नको. माझी आलीय घरी."

सगळ्यांना ते फार आवडलं. टाळ्या पडल्या. तिसरा तुकडा रद्द.

मी तिथल्या तिथे बोटं मोजली. सगळे सिनेमे एक घर पुढे सरकले. नाण्याच्या जागी आता चौथा नाही, पाचवा.

नाणं 'मिठाच्या गाडी'त निघालं. स्टेर्गिओसनी वर धरून दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. आता बकरीचा निकाल गावासमोर लागेल. कुणाला दिसली तर मी राजीनामा देईन. नाहीतर श्रीयुत लाझारोस देतील."

क्रिसान्थीनं विचारलं, कसली बकरी? बापानं सांगितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

१० जानेवारी, शनिवार

काही सुचत नाही. हॉलचा फ्यूज उडवावा का? बाबांना विचारलं, फ्यूज कसा उडवतात. बाबा म्हणाले, तुझ्यासारखं बोलून.

१५ जानेवारी, गुरुवार

हॉल भरलेला. फुकट असलं की लोकांना कला आवडते. तिसऱ्या रांगेत बार्बा, त्याच्या डावीकडे मी, उजवीकडे क्रिसान्थी. बरोब्बर मागे फिलारेती बाई आणि स्टेर्गिओस.

मी मनाशी ठरवलं होतं, आज सगळं खरं वाचायचं. त्याला कळेल, तो चिडेल, पण निदान बाईंसमोर हट्ट करणार नाही. दिवे जायच्या आत बार्बा म्हणाला, "पोरी, वाचशील ना?"

क्रिसान्थी हसली. "बाबा, तुम्हाला वाचून कशाला पाहिजे? जर्मन आहे की." मग मला म्हणाली, "अगं, यांचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे. कारखान्यात मुकादमाशी भांडूनभांडून शिकलेत."

माझे कान तापले. बावीस वर्षं! मी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलंय, बावीस वर्षं, आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. नऊसुद्धा जास्तच दिले होते बाईंनी.

दिवे गेले. मी त्याच्या कानात म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला सगळं कळत होतं?"

"शब्द न् शब्द."

"मग वाच कशाला म्हणालात?"

"बोलणं ऐकू येत होतं. बाकीचं तुझ्याकडून काढून घेत होतो. सरळ विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना."

"आणि बकरी?"

"बकरी आली तेव्हा हसू दाबायला मी रुमाल तोंडात कोंबला होता."

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. महिनाभर माझी झोप गेली, माझी! मी म्हटलं, मग तिला पहिला नंबर कशाला दिलात, बाईंसमोर शोभा करून घ्यायला?

"त्यांचा शेवट मला आवडला नाही. तुझा आवडला. आवडत्याचीच यादी आहे ना ही? मग मत कुणाला देऊ?"

मी खालच्या ओळी वाचायला लागले, खऱ्या. "पुढे वळण आहे." "दिसतंय." त्यानं कोपरानं मला ढोसलं.

"हे मला ऐकू येतंय. तू तुझं सांग."

"शेजारी मुलगी आहे."

"आहे तर आहे."

मग सांगितलं. बर्फ कसं पडतंय, धाकट्याचा मफलर कुठल्या रंगाचा, थोरला आरशात मागे का बघतोय. ताडपत्री हलली. बकरी ओरडली. मागून बाई म्हणाल्या, "शू." जरा वेळानं मागून स्टेर्गिओस, अगदी हळू, "आत्ता कुठंय ती?"

"उजव्या कोपऱ्यात. मीठ चाटतेय."

मागच्या रांगेतले पुढे वाकले. मला आवाज थोडा वाढवावा लागला.

शेवटाला आलो. पडद्यावर वृद्धाश्रमाचं दार. धाकटा जर्मनमध्ये म्हणतो, इथे उबदार आहे, इथे तुझी काळजी घेतील. बार्बाच्या पलीकडे क्रिसान्थी अजिबात हलत नव्हती. मला वाटलं थांबावं. पण त्याचा हात माझ्या बाहीवर होता, मग मी पुरं केलं. की बकरी तीन दिवस उपाशी आहे. की ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. की धाकट्यानं गाडी वळवली. धुकं, दिवे.

"येतायत," मी म्हटलं. "जात नाहीत. येतायत."

दिवे लागले. कुणी उठेना. फिलारेती बाई माझ्या खुर्चीला टिचकी मारून म्हणाल्या, "शाळेत असं वाचलं असतंस तर दहा देता आले असते." राजीनाम्याचं विचारलं तर म्हणाल्या, कुणाच्या? आणि बार्बाला, श्रीयुत न लावता, "पुढच्या डिसेंबरात तरी जरा शहाण्यासारखी यादी आणा."

क्रिसान्थीनं बापाचा कोट धरला. बाही शोधायला त्याला वेळ लागला. तिनं मदत केली नाही, थांबली.

१८ जानेवारी, रविवार

क्रिसान्थी आज गेली. एकटीच. बॅग घेऊन बेकरीत आली, भट्टीत माझी दुसरी खेप जळायला आलेली, आणि ही निवांत उभी.

"एक विचारू? ते दोघं परत आले ना. मग पुढे?"

मी म्हटलं, पुढे काय, सिनेमा संपला.

"पण थोरला आता म्हातारा आहे. त्याचे हात थकले तर त्या बकरीला कोण खायला घालणार?"

मी फावडं हातात घेऊन बघत राहिले. चाळिशीची बाई, परदेशात मोठी नोकरी, बस सुटायला आलीय, आणि हिला नसलेल्या बकरीची काळजी. म्हटलं, "अहो, आमच्याकडे रोज पाव उरतो. मी घालीन. सकाळी जाऊन टाकायचा, त्याला काय लागतं?"

"रोज?"

"रोज. बकरीला रविवार कळतो का?"

ती म्हणाली, "बरं, मग ठीक आहे," आणि तिळाचे दोन गोल पाव घेऊन गेली. सुट्टे पैसेही घेतले नाहीत. या घराण्यातच काहीतरी आहे.

आणि जाता जाता बाबांना काय सांगून गेली कोण जाणे. बाबांचं फर्मान निघालंय की बार्बाकडे सकाळचा पाव यापुढे मीच न्यायचा, थोडं बसायचं, आणि दर रविवारी तिला फोन करायचा. मी म्हटलं, रोज मीच का? बाबा म्हणाले, तूच कबूल केलंस म्हणे.

मी कधी कबूल केलं? आमचं तर बकरीबद्दल चाललं होतं.